समलिंगी पुरुषांचा ध्वज : परिभाषा आणि व्यंजना

जुलै २०१९ मध्ये समलिंगी पुरुषांचा स्वतंत्र ध्वज म्हणून एक नवी आकृती आंतरजालावर प्रसृत झाली. आडव्या सात पट्ट्या. सर्वांत वर गडद हिरवी, तिच्याखाली मोरपंखी, मग फिकट हिरवी, मध्यभागी पांढरी, तिच्याखाली फिकट निळी, निळी आणि तळाशी जांभळी. तिचा कर्ता टोपणनावाने लिहिणारा होता. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या टोपणनावाच्या आश्रयाने वावरावे लागले, त्याच्या ध्वजाच्या बाबतीत हे काही विपरीत नव्हे. ध्वजाबरोबर अर्थांची एक यादीही फिरू लागली. वरून खाली येताना समूहभाव, जखमांचे भरून येणे, आनंद, शुद्ध प्रेम, धैर्य आणि विविधता असे सहा अर्थ त्या यादीत आहेत. पांढऱ्या पट्टीला मात्र गुण नेमून दिलेला नाही. ती पारलिंगी व्यक्तींसाठी आणि पुरुषत्वाच्या रूढ कल्पनेत न बसणाऱ्यांसाठी आहे.

या ध्वजाचे नामाभिधानच प्रथम अडखळविणारे आहे. इंग्रजीत त्याला ‘प्राइड’चा ध्वज म्हणतात. ‘प्राइड’ हा शब्द तेथे लज्जेचा प्रतियोगी म्हणून योजलेला आहे. ज्याची लाज बाळगावी असे शिकविले गेले त्याचीच लाज न बाळगणे, एवढाच त्याचा आशय. मराठीत गर्वाचे घर खाली असते. त्यामुळे ‘गर्व’ हा पर्याय निकामी ठरतो. ‘अभिमान’ त्यातल्या त्यात बरा, ‘स्वाभिमान’ अधिक बरा. पण लज्जेशी असलेला विरोध दोहोंतही मूळ शब्दाइतका उघड नाही.

परंतु विवेचनाचा खरा विषय अर्थांची ती यादी हा आहे. रंगाला अर्थ नेमून दिला म्हणजे तो रंगात उतरतो काय? नैयायिकांनी शब्दाच्या अर्थबोधाविषयी विचार करताना रूढ संकेत आणि कोणी एकाने आपल्या इच्छेने बांधलेला संकेत यांत भेद केला व दुसऱ्याला ‘परिभाषा’ असे नाव दिले. हिरवा म्हणजे समूहभाव, निळा म्हणजे धैर्य, हे सारे पारिभाषिक आहे. यादी हाती नसलेल्या माणसाला हिरव्या रंगात समूहभाव दिसणार नाही; त्याला शेत दिसेल किंवा एखाद्या दर्ग्यावरचे निशाण दिसेल. परिभाषेला रूढीचे बळ कसे मिळते, आणि ते मिळाल्यावर मूळ परिभाषेचे काय होते, हे पाहावयाचे तर या ध्वजाच्या पूर्वजाकडे जावे लागते.

तो पूर्वज म्हणजे इंद्रधनुष्यी ध्वज. गिल्बर्ट बेकर (१९५१–२०१७) या कलावंताच्या कल्पनेतून तो आकाराला आला. लिन सेगरब्लॉम आणि जेम्स मॅक्नमारा यांचाही त्यात मोठा वाटा होता. सॅन फ्रान्सिस्कोमधील समलिंगी समाजाच्या केंद्रात सुमारे तीस स्वयंसेवकांनी कापड रंगविले व शिवले, आणि २५ जून १९७८ रोजी त्या शहराच्या युनायटेड नेशन्स चौकात तो फडकला. त्या वेळी पट्ट्या आठ होत्या. गडद गुलाबी म्हणजे काम, तांबडी म्हणजे जीवन, नारिंगी म्हणजे जखमांचे भरून येणे, पिवळी म्हणजे सूर्यप्रकाश, हिरवी म्हणजे निसर्ग, फिरोजी म्हणजे जादू व कला, नीलवर्णी म्हणजे शांती आणि जांभळी म्हणजे आत्मतत्त्व. यादीत पहिले स्थान कामाला होते आणि शेवटचे आत्म्याला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुरुषार्थांत कामाची गणना करणाऱ्या परंपरेतील वाचकाला तो क्रम वावगा वाटू नये. तत्कालीन अमेरिकेत मात्र ते धाडस होते.

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्या शहराचे नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली. मिल्क हे उघडपणे समलिंगी म्हणून निवडून आलेले होते. त्यानंतर ध्वजाची मागणी एकाएकी वाढली आणि हातांनी रंगविलेल्या कापडाची जागा कारखान्यातील कापडाने घेतली. गडद गुलाबी कापड बाजारात तयार मिळेना, म्हणून ती पट्टी गेली. पुढे १९७९ मध्ये मार्केट स्ट्रीटवरील दिव्यांच्या खांबांवर ध्वज दुभागून लावावयाचे ठरले, तेव्हा सात ही विषम संख्या अडचणीची झाली व फिरोजी पट्टीही गळली. नीलवर्णाच्या जागी साधा निळा आला. अशा रीतीने काम आणि कला हे दोन अर्थ ध्वजातून नाहीसे झाले. त्यासाठी कोणी ठराव केला नाही, कोणी वादात हरले नाही. कापडाचा पुरवठा आणि खांबांची रचना यांनी तो निर्णय केला. ध्वजाचे सामर्थ्य मात्र तिळमात्र कमी झाले नाही. उलट सहा पट्ट्यांचा ध्वजच जगभर गेला. बेकरने स्वतः २००३ साली फ्लॉरिडातील की वेस्ट येथे समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेला सव्वा मैल लांबीचा ध्वज केला तो पुन्हा आठ रंगांचा. आणि गुलाबी रंग परत यावा अशी त्याची इच्छा होती. पण रूढी एकदा बसली की कर्त्याची इच्छाही तिच्यापुढे चालत नाही.

यावरून असे दिसते की, इंद्रधनुष्यी ध्वज पाहणारा मनुष्य सहा अर्थांची बेरीज करीत नाही. त्याला एकच गोष्ट उमगते: येथे अशी माणसे आहेत आणि ती लपून राहिलेली नाहीत. हा अर्थ कोणत्याही यादीत नाही. तो व्यंग्य आहे. मम्मटाने व्यंजनेची साधने सांगताना बोलणारा, ऐकणारा, देश, काल इत्यादींचा निर्देश केला आहे. ध्वजाच्या बाबतीत त्याची प्रतीती पावलोपावली येते. मिल्क यांच्या हत्येनंतरच्या महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या खिडकीत लावलेला ध्वज हा शोक होता आणि आव्हानही होते. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा त्याच रंगांनी उजळलेले व्हाइट हाऊस हा राज्यसंस्थेचा होकार होता. जून महिन्यात एखाद्या पेढीच्या काचेवर चिकटविलेला ध्वज बहुधा ग्राहकाला दिलेले आमंत्रण असते. रंग तेच, यादीही तीच. बदलला तो बोलणारा, आणि त्याच्याबरोबर अर्थ.

ध्वजाच्या रंगांची परिभाषा बदलण्याचे उदाहरण भारतीय वाचकाला घरचेच आहे. १९२१ साली गांधीजींनी पुरस्कारलेल्या ध्वजातील रंग समाजांचे होते: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा. एकदा रंग समाजाचा म्हटला की ज्याला रंग मिळाला नाही तो विचारणारच. शिखांनी आपला रंग मागितला. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा हा तिरंगा स्वीकारताना रंगांना जातीय अर्थ नाही असे स्पष्टच जाहीर केले आणि धैर्य व त्याग, सत्य व शांती, श्रद्धा व शौर्य अशा गुणांची परिभाषा त्यांच्यावर बसविली. समाजांकडून गुणांकडे असा तो प्रवास होता.

इंद्रधनुष्यी ध्वजाचा प्रवास नेमका उलट झाला. बेकरची परिभाषा गुणांची होती. कोणत्याही पट्टीवर कोणा गटाची मालकी नव्हती. २०१७ मध्ये फिलाडेल्फिया शहरात त्यावर काळी व तपकिरी अशा दोन पट्ट्या चढविण्यात आल्या, त्या वर्णभेद सोसणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये डॅनियल क्वेझर यांनी ध्वजाच्या काठीकडील बाजूस काळा, तपकिरी, फिकट निळा, गुलाबी व पांढरा असे बाणाग्राच्या आकाराचे पट्टे योजले; २०२१ मध्ये व्हॅलेंटिनो वेचिएटी यांनी आंतरलिंगी व्यक्तींसाठी पिवळ्या रंगावर जांभळे वर्तुळ घातले. या भरीमागील गाऱ्हाणे खरे होते. मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न केवळ रंगांचा नव्हता. परंतु ध्वज म्हणून पाहता, गटागणिक पट्टी देण्याची पद्धत स्वीकारली की मागणीला शेवट राहत नाही, हा १९३१ चा धडा येथेही लागू पडतो.

समलिंगी पुरुषांना वेगळा ध्वज का हवासा वाटला, याचे उत्तर या प्रवासात आहे. आरंभी ‘गे’ हा शब्द आणि हा ध्वज दोन्ही मुख्यतः त्यांच्या नावाने ओळखले जात. पुढे ध्वज सर्वांचा झाला. उभयलिंगी व्यक्तींना १९९८ मध्ये, पारलिंगी व्यक्तींना १९९९ मध्ये, समलिंगी स्त्रियांना २०१८ मध्ये आपापले ध्वज मिळाले. ज्याचे सर्वस्व सार्वजनिक झाले त्याच्यापाशी स्वतःचे असे काही उरले नाही, अशी ही अवस्था. पहिला प्रयत्न निळ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचा होता, आणि तो टीकेस पात्र ठरला. निळा मुलाचा आणि गुलाबी मुलीचा, हा संकेत ज्या व्यवस्थेने रूढ केला त्याच व्यवस्थेने या पुरुषांना ‘पुरे पुरुष नव्हेत’ असे म्हटले होते. शिवाय तो संकेत तितकासा सनातनही नाही. १९१८ सालच्या एका अमेरिकन व्यापारी नियतकालिकात मुलासाठी गुलाबी व मुलीसाठी निळा असा उलट सल्ला छापलेला आढळतो. २०१९ च्या ध्वजाने निळा रंग ठेवला, पण त्याला हिरव्याची व पांढऱ्याची जोड देऊन त्याची ‘मर्दानी’ मक्तेदारी मोडली. हे त्या ध्वजाचे पहिले यश.

दुसरे यश पांढऱ्या पट्टीत आहे, आणि गंमत अशी की, तर्काच्या कसोटीवर तीच सदोष ठरते. सहा पट्ट्या गुणांच्या आणि एक माणसांची, असे मिश्र वर्गीकरण कोणताही परीक्षक खोडून काढील. तथापि ती पट्टी कडेला भर म्हणून आलेली नाही, ऐन मध्यावर आहे. तिच्यावाचून हिरवा आणि निळा एकमेकांत मिसळून गेले असते. पुरुष कोणाला म्हणावयाचे, हा प्रश्न ध्वजाने तळटीपेत न टाकता मधोमध ठेवला. फिलाडेल्फियाच्या पट्ट्यांपेक्षा ही योजना अधिक कलात्मक आहे असे म्हणावे लागते.

हिरव्या रंगाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. यादी म्हणते, हिरवा म्हणजे समूहभाव. पण समलिंगी पुरुषांच्या इतिहासात हिरवा रंग फार आधीपासून आहे. २० फेब्रुवारी १८९२ रोजी लंडनच्या सेंट जेम्स नाट्यगृहात ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ऑस्कर वाइल्डच्या सांगण्यावरून त्याच्या मित्रांनी कोटाला हिरवे कार्नेशन लावले होते. निसर्गात हे फूल त्या रंगाचे उमलत नाही. पांढऱ्या फुलाला रंग पाजून ते तयार करावे लागते. त्याचा अर्थ कोणी कोठे लिहून ठेवला नव्हता, आणि त्यातच त्याची शक्ती होती: जाणणाऱ्याला कळावे, न जाणणाऱ्याला नुसते फूल दिसावे. ज्या वासनेला कायदा ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणत होता तिच्यासाठी मुद्दाम निसर्गात नसलेले फूल निवडणे, ही वाइल्डच्या स्वभावाला शोभणारी वक्रोक्ती होती. १८९४ मध्ये रॉबर्ट हिचेन्सची ‘द ग्रीन कार्नेशन’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली आणि १८९५ मध्ये वाइल्डला दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. बेकरच्या ध्वजात याच रंगाने पूर्ण गिरकी घेतली. त्याच्या यादीत हिरवा म्हणजे निसर्ग! आम्ही निसर्गाबाहेरचे नाही, असा दावा त्यामागे वाचता येतो. वाइल्डचा हिरवा कृत्रिमतेचा, बेकरचा निसर्गाचा. त्या दोन्ही टोकांना असलेला ताण २०१९ च्या ‘समूहभावा’त उरलेला नाही. शब्द चांगला आहे, पण तो कोणत्याही सहकारी संस्थेच्या निशाणावर शोभला असता.

गुलाबी रंगाचे तर येथे नावच नाही. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला जाई. जर्मन दंडविधानाचे १७५ वे कलम १९३५ साली अधिक कठोर करण्यात आले; छावण्यांत डांबलेल्या अशा पुरुषांची संख्या पाच ते पंधरा हजारांच्या दरम्यान मानली जाते. नाझी राजवट गेली तरी कलम राहिले. पश्चिम जर्मनीत ते १९६९ साली सौम्य झाले आणि १९९४ साली पूर्णपणे गेले. १९७०–८० च्या दशकात त्याच त्रिकोणाला चळवळीने आपले चिन्ह केले, आणि १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये एड्सविषयीच्या मौनाचा धिक्कार करणाऱ्या भित्तिपत्रकावर तो टोक वर करून छापला गेला. शत्रूने दिलेले चिन्ह किती काळ मिरवावे, हा प्रश्न बेकरपुढे होता, आणि त्याने इंद्रधनुष्य निवडले ते त्याचे उत्तर होते. तरीही त्याच्या पहिल्या पट्टीत गुलाबी रंग होता, आणि त्याचा अर्थ काम हा होता.

येथे मुख्य आक्षेपाशी येऊन ठेपावे लागते. २०१९ च्या यादीत काम कोठेच नाही. समूहभाव आहे, आनंद आहे, धैर्य आहे. प्रेमही आहे, पण ते ‘शुद्ध’ प्रेम आहे. समलिंगी पुरुषांना ज्यासाठी तुरुंगात टाकले गेले ते प्रेम नव्हते, समूहभाव तर नव्हताच. शारीरिक संबंध हाच गुन्हा होता. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाविषयीच बोलत होते. ज्या गोष्टीसाठी दंड झाला नेमकी तीच गोष्ट ध्वजाच्या अर्थातून वगळली जावी, हे मौन अर्थपूर्ण आहे. ‘शुद्ध’ हे विशेषण तर अधिकच बोलके आहे. शुद्ध म्हटले की अशुद्ध त्याच्या मागोमाग आलेच. विटाळाच्या कल्पनेशी शतकानुशतके झगडलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हे निराळे सांगावयास नको.

याचे समर्थन करता येत नाही असे नाही. कायद्याने, वैद्यकाने आणि १९८१ नंतर एड्सच्या भीतीने या पुरुषांकडे केवळ शरीरव्यवहार म्हणूनच पाहिले. मैत्री, घर, म्हातारपण यांचाही त्यांच्या आयुष्यात वाटा आहे हे कोणी ध्यानी घेतले नाही. तेव्हा तरुण पिढीने त्या दृष्टीला कंटाळून वेगळे शब्द निवडले असतील तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय ध्वज शाळेच्या भिंतीवर लागावयाचा, लहानग्यांच्या हाती द्यावयाचा. परंतु हे समर्थन पुरे पडत नाही, कारण समलिंगी स्त्रियांच्या २०१८ च्या ध्वजालाही हीच परिस्थिती लागू होती. त्याची रचना अगदी अशीच आहे: सात पट्ट्या, मध्ये पांढरी, वर नारिंगी छटा व खाली गुलाबी. त्याच्या यादीत एका पट्टीला ‘प्रेम आणि काम’ असा अर्थ स्पष्टपणे दिलेला आहे. भगिनीने जे नि:संकोच म्हटले ते बंधूने ‘शुद्ध’ करून घेतले. मधल्या काळात झालेल्या विवाहाच्या लढ्यांनी पुरुषांच्या प्रतिमेला जे प्रतिष्ठेचे वळण लावले, त्याची छाप येथे पडलेली दिसते. न्यायालयापुढे प्रेमाचा युक्तिवाद सोपा जातो.

यादी न देण्याचा मार्गही मोकळा होता. १९८९ साली टोनी डिब्लेस यांनी चर्मवेशप्रेमी समाजासाठी काळ्या, निळ्या व पांढऱ्या पट्ट्यांचा आणि तांबड्या हृदयाचा ध्वज केला, तेव्हा रंगांचा अर्थ सांगण्याचे त्यांनी नाकारले व तो पाहणाऱ्यावर सोपविला. वाइल्डच्या फुलाशी या कृतीचे नाते आहे. जेथे कामाची गोष्ट सर्वांत उघड होती तेथे परिभाषेची गरज भासू नये, आणि जेथे ती झाकली गेली तेथे सात कलमांची यादी लागावी, हा विरोध योगायोगाचा वाटत नाही.

२०१९ च्या ध्वजाचे पाच पट्ट्यांचे संक्षिप्त रूपही आता प्रचारात आहे. सातांची यादी पाचांना जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि तो वापरणाऱ्यांना त्याची खंत आहे असेही दिसत नाही. बेकरच्या ध्वजाचे जे झाले तेच येथे होऊ लागले आहे. परिभाषा झडते आणि आकृती उरते. रूढीने या आकृतीला कोणता व्यंग्यार्थ मिळेल हे ती कोणत्या प्रसंगी, कोणाच्या हाती आणि कोणासमोर फडकते यावर अवलंबून राहील. मिल्क यांच्या मृत्यूसारखा प्रसंग अद्याप तिच्या वाट्याला आलेला नाही; तो न आलेलाच बरा.

भारतात २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा जणांची पहिली मिरवणूक निघाली. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी आणि पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये अशा मिरवणुका निघाल्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ३७७ वे कलम निष्प्रभ केले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते कलमच नाही. या सर्व लढ्यात दिसला तो इंद्रधनुष्यी ध्वज. मराठीत समलिंगी पुरुषाच्या संदर्भात एका रंगाला जे स्थान मिळाले ते ध्वजाने नव्हे, कादंबरीने दिले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये पुण्यातील एका घरातील भाऊ आणि बहीण दोघेही एकाच भाडेकरूवर जीव लावतात, आणि तो निघून गेल्यावर आपापल्या परीने मागचे सारे आठवीत राहतात. त्या भाडेकरूला नाव दिलेले नाही, आणि शीर्षकातील निळ्यालाही कसली यादी जोडलेली नाही. देहाची ओढ आणि विरह तेथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. तो निळा धैर्याचा नव्हे, आणि ‘शुद्ध’ प्रेमाचा तर नव्हेच.